सरांचा जिल्हा

खुर्चीत बसण्याआधी सर खांद्यावरचा पंचा झटकत आणि म्हणत, "लिहून घे. हे कोणालेच मालूम नाही."

ते खरोखरच कोणाला माहीत नसे, कारण ते घडलेलंच नसे.

भंडाऱ्यातून फुटून गोंदिया नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. बाजारात माझं टायपिंगचं दुकान होतं. नव्या जिल्ह्यात नवे पुढारी आले, नवे ठेकेदार आले, तसे एक नवे इतिहासकारही आले. हे सर म्हणजे खेड्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. आद्य वस्तीपासून आजपर्यंतचा जिल्ह्याचा इतिहास त्यांना लिहायचा होता. लिहायचा म्हणजे बोलायचा. टाइप मी करायचा. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. वाचत काही नाहीत, प्रस्तावना मात्र तयार असते.

पहिल्या प्रकरणात नुसतं जंगल होतं, माणूस एकही नाही. मग माळव्यातून सरांचे पूर्वज आले आणि धान उगवलं.

मी विचारलं, "सर, गोंड लोक होते ना आधी?"

"होते. पण वस्ती नव्हती."

"मग राहत कुठं होते?"

"जंगलात. पुढं लिही."

माझेही पूर्वज माळव्यातलेच. मला बरं वाटायला हवं होतं. मला त्या माणसाची शिसारी आली.

सरांचं गाव नवेगाव बांधच्या पलीकडे, एका जुन्या मोठ्या तलावाच्या काठी. तो तलाव आपल्या पणजोबांनी बांधला, असं ते एकदा सांगत होते. त्याच वेळी त्यांच्याच गावची एक ढिवर बाई दुकानात अर्ज टाइप करून घ्यायला बसली होती. तलावात मासे धरायचा हक्क आपल्या लोकांकडेच राहावा, असा तो अर्ज. गावातल्या बड्या लोकांचा त्या तलावावर डोळा होता.

ती म्हणाली, "गुरुजी, तुमचा पणजा पाळीवर छत्री धरून उभा होता. बांधाले माती आमचे लोक टाकून राहिले होते."

"पुरावा आहे का बाई?"

"पाळ आहे ना जी. जाऊन पाहा."

सर माझ्याकडे वळले. "लिही. तलावावर मासे धरणारे लोक अलीकडे बाहेरून आले."

"ह्याला आधार काय, सर?"

"आधार काऊन पाहिजे? मी सांगून राहिलो ना!"

आणि मी टाइप केलं. ती बाई समोर बसलेली असताना. सरांना मी मनातून कितीही शिव्या दिल्या तरी ते वाक्य माझ्या हातचं आहे.

पुस्तक निघालं, हारतुरे झाले. काही महिन्यांनी तलावाच्या हक्काची सुनावणी लागली, तेव्हा बड्या लोकांनी तेच पान पुढं केलं. छापलेलं होतं, म्हणजे खरंच असणार! बाईनं मला निरोप धाडला, "तुमीच लिवलं, तुमीच येऊन सांगा."

मी गेलो. ते वाक्य माझ्या दुकानात, ह्या बाईवरच्या रागापायी लिहिलं गेलं, असं सुनावणी घेणाऱ्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी तिथं बसलेल्या सरांना विचारलं, "तुमचा आधार काय?"

सर उठले. पंचा झटकला. पुन्हा खाली बसले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

हक्क ढिवरांकडे राहिला. सर पुन्हा दुकानात आले नाहीत. मी दिसलो की रस्ता ओलांडून जात.

काही वर्षांनी ते वारले. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. भिंतीशी त्याच पुस्तकाचे गठ्ठे, सुतळीसुद्धा न सोडलेले. गेलेल्या माणसाबद्दल खोटं गोड बोलायचं नाही, असं मी ठरवून गेलो होतो.

"तुम्हीच टाइप केलं ना जी हे?" त्यांनी विचारलं. "मले वाचता येत नाही."

मुख्याध्यापकाची बायको.

"जलमभर ह्यायचा शाळेचा डबा केला मी," त्या म्हणाल्या. "ह्या पुस्तकात माझं नाव आलं का कुठं?"

पुस्तकाचं अक्षर न् अक्षर मला माहीत होतं.

"आलं आहे," मी म्हणालो.

"कुठं?"

मी एक गठ्ठा सोडला, हाताला लागलं ते पान उघडलं आणि त्यांचं बोट एका ओळीवर ठेवलं. बराच वेळ त्यांनी ते तिथून उचललं नाही.