शेवटचा धवला

कोपरच्या आगरी वस्तीत हौसाबाईने धवले गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. लग्नातली ही गाणी ती रंगूबाई म्हातारीकडून शिकली. रंगूबाईने सगळं दिलं, पाठवणीचा शेवटचा धवला तेवढा राखून ठेवला. तो ती नवरीच्या कानातच गाई. "तो माज्या शेवटच्या श्वासाबरोबर तुज्या तोंडात फुंकीन. मंग तू खरी धवलारीन," ती म्हणे.

पुढे म्हातारीला पटकी झाली. तिने खुणेने हौसाबाईला जवळ बोलावलं आणि ओठ उघडले. रोगाच्या भीतीने हौसाबाईने तोंड फिरवलं. म्हातारीचा तो शेवटचा श्वास तिच्या मानेवरून गेला. बाहेर येऊन मात्र तिने सांगितलं, "तिनं धवला फुंकला मना."

त्याला बारा वर्षं झाली. पाठवणीला ती स्वतः रचलेलंच काहीतरी गाई. कुणाला कळलं नाही. फक्त गाताना दम घ्यायला थांबली, की मानेवर ऊनऊन वारा लागे, म्हातारीच्या मशेरीच्या वासाचा.

आज तिच्याच लेकीचं, ठमीचं लग्न होतं. कल्याणचे अण्णा मास्तर गाणी उतरवून घ्यायला मांडवात बसले होते. म्हणाले, "साहेबाच्या भाषेत स्फूर्तीला इन्स्पिरेशन म्हणतात. मूळ लॅटिनात त्याचा अर्थ आत फुंकणं. देव माणसात श्वास फुंकतो, मग त्याला सुचतं."

"आन मानसानं तोंड फिरवलं तं?" हौसाबाईने विचारलं.

मास्तर हसले. "ते कुठे लिहिलेलं नाही, बाई."

"मास्तर, तिला बोलन्यात गुतवू नका," कुणी बाई म्हणाली, "नवरी म्हातारी व्हईल."

पाठवणीची वेळ झाली. आजवर लोकांच्या पोरी खोट्या धवल्यावर पाठवल्या. आता आपली ठमीही? हौसाबाई गाता गाता मध्येच थांबली. मानेवर तो वारा आला. या वेळी ती मागे वळली, तोंड उघडलं आणि श्वास आत ओढला.

मग जे गाणं आलं, ते कुणी ऐकलं नव्हतं. रंगूबाईची थोरली बहीण तेवढी भिंतीला टेकून रडू लागली. "यो आमचे रंगूचा," ती म्हणाली.

"बाई, पुन्हा एकदा म्हणा," मास्तर म्हणाले. "माझं लिहायचं राहिलं."

हौसाबाईला एकही शब्द आठवेना.

ठमी निघताना गळ्यात पडली आणि दचकून मागे सरली.

"आये, तू कदी मशेरी लावाया लागलीस?"

हौसाबाईने जन्मात मशेरी लावली नव्हती. तिने ओठ मिटून घेतले आणि लेकीला हातानेच गाडीकडे जायला सांगितलं.