आत्याची अक्कल

पुढं इंदापूरला शाळेत शिकवायला लागले, तेव्हा तिथले उर्दूचे मास्तर एकदा म्हणाले, "बाई, अक्कल हा शब्द मूळचा अरबी. उंट भटकू नये म्हणून त्याचा पाय बांधतात, त्या बांधण्यातून आलेला. मनाला भरकटू देत नाही ती अक्कल." त्यांना वाटलं, मला गंमत वाटेल. मला आमची आत्या आठवली.

वडगावला आमच्या घरी आत्याला अशीच अक्कल शिकवत होते. तिचं पोर पाटाच्या पाण्यात वाहून गेलं आणि ती माहेरी आली. सारखी पाटाकडं धावायची. आजोबांनी तिला गोठ्यात म्हशीच्या दाव्यानं बांधलं. म्हणाले, "अक्कल ठिकानावर येऊ द्या, मग सोडू." पण तिचा जन्म गुरांत गेलेला, कसलीही गाठ ती चुटकीसरशी सोडायची. मग इंदापूरच्या बाजारातून साखळी आणि कुलूप आलं. किल्ली आजोबांच्या करदोट्याला. साखळी गव्हाणीपर्यंत पुरायची, म्हणून गुरांची वैरण तीच करायची. आजोबांची तिच्यावर माया नव्हती असं नाही. मला चीड येते ती त्या मायेचीच.

त्या दुपारी आजोबा सांगवीला गेले होते आणि बाकी आम्ही सगळे उसाच्या फडात होतो. एकाएकी आमच्याच म्हशी, गाय, वासरू फडात शिरली. "कुनी सोडली रं ही? त्या येडीचंच काम हाय!" असं ओरडत चुलते काठी घेऊन धावले. गुरं हाकलत बांधापर्यंत आलो तेव्हा धूर दिसला. गोठ्याला पाचटाचं छप्पर. आम्ही पोचेपर्यंत ते खाली बसलं होतं.

आजोबा तिन्हीसांजेला आले. अंगणात गुरं उभी होती, गळ्यातली दावी मातीत लोळत होती. त्यांनी एकेक दावं हातात धरून बघितलं. एकही तुटलेलं नव्हतं, जळलेलं नव्हतं. खुंट्यावरच्या गाठी कुणीतरी नीट सोडल्या होत्या.

माझी आई सासऱ्यापुढं कधी मान वर करत नसे. त्या दिवशी तिनं डोक्यावरचा पदरही सावरला नाही.

"मामंजी, अक्कल कुनाची ठिकानावर नव्हती?"

किल्ली आजोबांच्या कमरेलाच होती.