तीनदा विचारल्याशिवाय

मी चौथी शिकलेला माणूस. लासलगावच्या मार्केटात पाठीवर कांद्याची पोती वाहून पोरीला एम.एस्सी., बी.एड. केलं, हे मी सांगतच राहणार. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर येऊ दे. मागच्या वर्षी ती ऑस्ट्रेलियात एका लहान गावच्या शाळेत बाई म्हणून लागली. वर्षभर काम बघणार आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवणार, असा कागद होता.

तिथं शाळा उघडली की मैदानात आईबाप, मास्तर, पोरं सगळी जमतात आणि तापलेल्या लोखंडी पत्र्यावर मांस भाजून खातात. त्याला बार्बेक्यू म्हणतात. तिथून तिनं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा इकडं आमच्या वस्तीत, इंदिरानगरात, सकाळचा चहा चालला होता. एक ढेरपोट्या बाप्या, कुणा पोराचा बाप, एप्रन बांधून उभा. त्यानं चिमट्यात मांसाचं नळीसारखं काहीतरी धरून तिला विचारलं. ती हसून म्हणाली, "नो, थँक्यू." तो पुढच्या माणसाकडं वळला.

मी बायकोला म्हटलं, "बघ, बापाची शिकवण विसरली नाय."

आमच्या घरातलं कोणी दुसऱ्याच्या दारी पहिल्या हाकेला जेवत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर ताट घ्यायचं. माझ्या लहानपणी गावात लग्न असलं की आमची माणसं मांडवाबाहेर बसून राहायची. सगळ्यांचं उरकलं की उरलंसुरलं मिळायचं, तेही वरून टाकून. माझा बाप बांबूची पाटी घेऊन ते मागायला जायचा आणि मी त्याचा सदरा धरून मागं. मोठा झाल्यावर ठरवलं, मागायचं तर नाहीच. पण बोलावलं तरी त्याला आपण खरंच पाहिजे आहोत का, हे बघितल्याशिवाय घास घ्यायचा नाही. या हट्टापायी मी सोयऱ्यांच्या लग्नातूनसुद्धा उपाशी परत आलोय. पोरगी हे बघतच वाढली.

ती दोन तास त्या मैदानात उभी राहिली. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. घरी जाऊन तिनं खिचडी टाकली.

पुढच्या आठवड्यात फोन आला तो सुजलेल्या डोळ्यांनी.

"अण्णा, हेडमास्तरीणबाईंनी बोलावलं होतं."

"शाबासकी दिली का?"

"नाही. फार जपून बोलल्या. म्हणाल्या, पोरांच्या आईबापांना वाटतंय तुला आमच्या हातचं चालत नाही. तुझ्या धर्मात तसं असलं तर सांग, तुझ्यासाठी वेगळा पत्रा ठेवू."

वेगळा पत्रा. माझा चहा हातातच राहिला. मग मी ओरडलो, "सांग त्यांना, आमच्यात तीनदा विचारतात! एकदा विचारून पाठ फिरवायची, ही कुठली रीत?"

"त्यांच्यात नको म्हटलं की नको, अण्णा. पुन्हा विचारणं म्हणजे माणसाला त्रास देणं. ते मला मानच देत होते."

बायकोनं फोन ओढून घेतला, पण बोलली माझ्याशीच. "तुमच्या त्या तीनदाच्या पायी पोरगी परमुलखात विटाळ पाळणारी ठरली. आपली पोरगी! नोकरी गेली तर तीनदा जाऊन मागून आणाल का?"

फोनमधून पोरगी म्हणाली, "महिन्यानं खेळांच्या दिवशी परत बार्बेक्यू आहे. काय करू? तुम्हीच सांगा."

"तुझं तू बघ," म्हणून मी उठलो. तेवढं मी केलं.

महिनाभर दूध आणायला जाताना मनात म्हणून बघायचो, 'घे पोरी, पहिल्या हाकेला घे.' घरात पाऊल टाकलं की तोंड मिटायचं. ती फोनवर इकडचं तिकडचं बोलायची, मीही बोलायचो.

खेळांच्या त्या शनिवारी सकाळी सहापासून फोन पुढ्यात घेऊन बसलो. सातला वाजला. तिला बोलू न देता मी सुरू केलं, "हे बघ, आज त्यानं विचारलं की..."

"विचारलंच नाही, अण्णा. मागं नको म्हटलं होतं ना, मला गाळून पुढं गेले."

"मग?"

"मग मी प्लेट घेऊन रांगेत उभी राहिले आणि मागितलं."

बायको माझ्याकडं बघायला लागली. पोरीनं कागदी प्लेट दाखवली. पावात दोन नळ्या, वर भाजलेला कांदा. मागून तो ढेरपोट्या चिमटा हलवून मला हात करत होता.

"शरम नाय वाटली?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"वाटली. आजोबांची पाटी आठवली. पण रांगेत माझ्या पुढं हेडमास्तरीणबाईच होत्या. त्यांच्याही हातात प्लेट होती. त्यांनीही मागूनच घेतलं."

मी "खा" म्हणालो. तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही, तिकडं पोरांचा गलका होता. तिनं घास घेतला आणि फोन ठेवला.

कायम केल्याचा कागद अजून आलेला नाही. बायको रोज विचारते. मी त्या पाटीचा विचार करतो. तिनं ती कधी पाहिलेली नाही. मीच सांगितली होती तिला, पुन्हा पुन्हा, छाती पुढं काढून. आता ती तिच्या डोक्यातून कशी उतरवायची, ते मला येत नाही.