उस्मानचाचांची एकनळी

कॅम्पात नोकरी केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, जुनी खाकी आणि किस्से. खाकी विरते. किस्से वाढतच जातात, आणि माझ्याकडचे निम्मे तरी उस्मानचाचांचे निघतात. देवळाली कॅम्पातल्या नेमबाजीच्या मैदानावर यंत्रांत मातीच्या बशा मांडायच्या आणि नेमबाजानं हाक दिली की दोरी ओढून त्या हवेत उडवायच्या, ही माझी नोकरी. साल पस्तीसच्या आसपासचं. चाचा गंगापूर रोडकडच्या एका पेरूच्या बागेचे राखणदार. पण उडती बशी फोडण्यात त्यांचा हात धरणारा साहेबांतही कोणी नव्हता!

*

बंदूक म्हणाल तर पोपट हाकलायची जुनी एकनळी. दस्ता चिरलेला, त्यावर बैलाच्या जुवाची वादी आवळलेली. मी एकदा विचारलं, "चाचा, ही हातात फुटली तर?"

"तर पेरू पोपट खातील," चाचा म्हणाले.

*

चाचा मैदानावर आले त्या पहिल्या दिवशी क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांनी समजावलं, तयार झालास की 'पुल', म्हणजे 'ओढ', म्हणायचं. चाचांनी मैदानभर नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "हितं पूल कुठं हाय?"

साहेब लोक हसून हसून लोळले. शेवटी चाचांनी आपलं 'सोड' म्हणावं असं ठरलं. पंचवीस वेळा ते 'सोड' म्हणाले आणि पंचवीस बशा फुटल्या. मग कोणी हसलं नाही.

*

चाची वारल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचा मैदानावर हजर. मला रागच आला. म्हटलं, "आज तरी घरी बसायचं."

"घरी मानसं येतात, दत्तोबा. येकेक येऊन रडवतात. हितं नुसत्या बशा येतात."

त्या दिवशी त्यांची एकही बशी चुकली नाही. मला ते बघवलं नाही, खरं सांगतो.

*

पुढे ते बंदूक डाव्या खांद्याला लावू लागले. सगळ्यांना वाटलं, ऐट! विलायती दुनळीवाले सोराबशेठ हे त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी. ते म्हणाले, "आता उस्मान आपल्याला डाव्या हातानं हरवणार."

कारण वेगळंच होतं. त्र्यंबकच्या जत्रेत एका वैदूनं मोतीबिंदू काढतो म्हणून उजव्या डोळ्यात सुई घातली आणि डोळा कायमचा गेला. डावाही गढुळत चालला होता. मी म्हटलं, तो तरी दवाखान्यात दाखवा.

"येक गेला तेवढा बास. दुसऱ्याची घाई नाय."

*

मग ते रोज सकाळी येऊन पाचही यंत्रांवरून हात फिरवू लागले. लोक म्हणत, चाचा यंत्रांना सलाम करतात. कसला सलाम! कोणतं यंत्र कुठल्या बाजूला वळवलंय ते चाचपत होते. प्रत्येक स्प्रिंगचा आवाज त्यांना पाठ होता. आवाज झाला की बशी कुठे असणार ते कळायचं. मी ओळखलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"साहेबाला बोलू नको, दत्तोबा. परवाना जाईल. बंदूक गेली की बाग गेली. मग मला ठेवतो कोन?"

मी कोणाला बोललो नाही.

*

त्या वर्षीच्या कपाला चाचा आणि सोराबशेठ शेवटपर्यंत बरोबरीत होते. शेठची शेवटची बशी चुकली. चाचांची एक उरली होती. फुटली तर कप त्यांचा. घाईत मी तडकलेली बशी मांडली. ती चूक माझी.

"सोड."

मी दोरी ओढली. स्प्रिंग खाडकन सुटली आणि बशी यंत्रातच चुरा होऊन खाली सांडली. हवेत काहीच गेलं नाही. चाचांनी मोकळ्या आभाळात बार काढला.

सेक्रेटरीसाहेब वहीत मान घालून लिहीत होते. बार ऐकून त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "लागली?"

सोराबशेठनी एकदा आभाळाकडे आणि एकदा चाचांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग खड्या आवाजात म्हणाले, "लागली, साहेब. पार भुगा झाला."

साहेबांनी पेन्सिल टेकवली. चाचांनी बंदूक उघडून रिकामं काडतूस काढलं.

"फुटल्याचा आवाज नाय आला, शेठ."