लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे

ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली तेव्हा तिचा मुलगा जेमतेम रांगायला लागला होता. दोघं नवराबायको नोकरी करणारी. ती नवी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत आणि तो पुण्याला जाऊन-येऊन असायचा. माहेर सासर दोन्ही साताऱ्याकडे, त्यामुळे पनवेलमध्ये हक्काचं असं कोणी नव्हतं. आम्ही इथलेच. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे सासऱ्यांचं भाताचं शेत होतं आणि त्याच्या बदल्यात आम्हाला फ्लॅट मिळाले. माझा नवरा तळोज्याच्या कारखान्यांना गाड्या पुरवतो. आम्हाला मूल झालं नाही. दिवसभर घरात मी आणि सासूबाई.

एकदा तिच्याकडची कामाची बाई न सांगता गेली आणि ती मुलाला कडेवर घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आजचा दिवस बघाल का, म्हणाली. त्या एका दिवसाची दोन वर्षं झाली. सकाळी ती त्याला माझ्याकडे द्यायची, संध्याकाळी न्यायची. मी कधी काही घेतलं नाही आणि तिनेही तो विषय काढला नाही. सुरुवातीला ती मला "अहो ताई" म्हणायची, मग "अगं ताई" झालं. दिवाळीत तिने मला ओवाळणीसारखी साडी आणली. मुलाला तिने मला मावशी म्हणायला शिकवलं. तो पहिल्यांदा "माऊ" म्हणाला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मावशी म्हणजे आईची बहीण, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

इंग्रजीच्या क्लासला जा, हेही तिनेच सुचवलं. "ताई, तू हुशार आहेस, तुला लवकर येईल," असं म्हणाली. गावातल्या शाळेत माझं शिक्षण दहावीपर्यंत झालेलं. पनवेल स्टँडजवळ एका निवृत्त मास्तरांचा क्लास होता, दुपारचा, बायकांसाठी. मूल झोपलेलं असायचं तेवढ्या वेळात सासूबाई त्याच्याजवळ बसायच्या आणि मी जाऊन यायचे. सर शांतपणे शिकवत. एकच क्रियापद घ्यायचे आणि त्याच्यापुढे वेगवेगळे शब्द लावून दाखवायचे. लुक ॲट म्हणजे बघणे. लुक फॉर म्हणजे शोधणे. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. प्रत्येकीने एक वाक्य करायचं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आय लुक आफ्टर माय फ्रेंड्स सन." सर म्हणाले, बरोबर. घरी आल्यावर तेच वाक्य मी मुलाला दोन-तीनदा म्हणून दाखवलं. तो हसला.

त्याचा तिसरा वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये होता. सकाळपासून मी त्याच गडबडीत होते. फुगे लावले, वडे तळून नेले, त्याला नवे कपडे घातले, मग घरी येऊन चांगली साडी नेसले. तिच्या ऑफिसची माणसं आली होती. सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. मला बरंचसं कळत होतं आणि कळतंय याचाच आनंद होत होता. मुलगा माझ्या मांडीवर बसून केक खात होता. तिच्या ऑफिसमधल्या एका बाईने आमच्याकडे बघून तिला विचारलं की तू नोकरी आणि हा, दोन्ही कसं जमवतेस. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. हसून म्हणाली, "वी हॅव समवन टू लुक आफ्टर हिम. शी इज व्हेरी गुड."

मी मुलाचं तोंड पुसत होते, ते तसंच पुसत राहिले. आपल्याला नीट कळलं नसेल, असंही वाटलं.

आइस्क्रीम वाटायच्या वेळी तीच बाई माझ्याजवळ आली आणि मराठीत बोलली. "मावशी, जूनपासून तुम्ही मोकळ्या होणार ना? हा शाळेत जाणार म्हणून. माझी मुलगी लहान आहे. हिनेच तुमचं नाव सुचवलं."

ती बाई वाईट नव्हती, फार आदराने बोलत होती. मी तिला म्हटलं, विचार करून सांगते. मग सासूबाईंना बरं नाही असं सांगून घरी आले. जिन्यात मला त्या "मावशी"चा दुसरा अर्थ आठवला. आमच्याच बिल्डिंगमध्ये धुणंभांडी करायला येणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणतात. मीही म्हणते. दोन वर्षांत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

क्लासला गेले तेव्हा सगळ्या बायका निघून गेल्यावर मी सरांना ते वाक्य विचारलं. लुक आफ्टर तर मीही म्हटलं होतं, मग ह्या वाक्यात वेगळं काय? सरांनी थोडा विचार केला. म्हणाले, "शब्द तोच आहे. आई मुलाला लुक आफ्टर करते, नर्सही पेशंटला करते. कोण कुणासमोर बोलतंय ते बघायचं. पण वी हॅव समवन म्हटलं, की त्याचा अर्थ होतो, आम्ही त्यासाठी कोणीतरी ठेवलंय." कुठे वाचलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, टीव्हीवर ऐकलं.

त्या संध्याकाळी ती मुलाला न्यायला आली तेव्हा मी तिला आत बसवलं. तळोज्याकडून कारखान्यांचा वास येत होता म्हणून खिडक्या लावल्या. मग तिचं वाक्य तिलाच इंग्रजीत म्हणून दाखवलं. तिचा चेहरा उतरला. आधी म्हणाली, तुला चुकीचं ऐकू आलं असेल. मग म्हणाली, ऑफिसमध्ये असंच बोलतात, त्याचं एवढं काही नसतं. शेजारीण सांभाळते म्हटलं तर लोकांना वाटतं, हिने मुलाची काही सोयच केलेली नाही.

"मग बहीण सांभाळते म्हणायचं होतंस," मी म्हटलं.

मग मी त्या दुसऱ्या बाईबद्दल विचारलं. मला न विचारता माझं नाव कसं सुचवलंस? ती म्हणाली, "तुम्हाला दिवसभर एकटं वाटेल, असं वाटलं म्हणून." बोलताना ती "तुम्ही"वर आली होती. मला वाटतं, ते तिच्याही लक्षात आलं नसावं. मुलाची चप्पल उचलून ती निघून गेली.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमी तिला लेक समजलो."

तरी महिना संपेपर्यंत मुलगा माझ्याकडेच होता. त्याला दाराबाहेर कसं ठेवणार? मग तिने त्याला खारघरच्या पाळणाघरात घातलं. पहिल्या आठवड्यात तो लिफ्टपाशी रडायचा, आमच्या दाराकडे हात करायचा. मी दाराच्या आत उभी राहून ऐकायचे. पुढच्या आठवड्यात त्याचं रडणं थांबलं. ते रडण्यापेक्षा जास्त लागलं. ती लिफ्टमध्ये भेटली की छान हसायची, कशा आहात विचारायची, आणि मीही बरी आहे म्हणायचे. क्लास मी पूर्ण केला, पण तिच्याशी इंग्रजीत एक अक्षर बोलले नाही.

पावसाळ्याआधी त्यांनी खारघरलाच घर घेतलं. सामान खाली चाललं होतं तेव्हा तिने बेल वाजवली. मी सासूबाईंना पुढे केलं आणि गॅसजवळ उभी राहिले. बाहेर तिचा आवाज, पेढ्यांच्या पुड्याची सळसळ, मग मुलाचं काहीतरी विचारणं. दार लागल्यावर सासूबाई आत आल्या.

"पोरगा तुला शोधत व्हता," त्या म्हणाल्या. "त्याचा काय दोष व्हता? जायाचं व्हतंस."

मला माहीत होतं. पण मी गेले असते तर त्याने दोन्ही हात वर केले असते, मी त्याला उचलून घेतलं असतं, आणि ती शेजारी हसत उभी राहिली असती. ते मला सहन झालं नसतं. मी गॅस बारीक केला आणि टेम्पो सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभी राहिले.