दोर धरणारा

बोट वर करायचा आणि विचारायचा, "नंबर कुणाचा?" चहाची किटली आली तरी तेच, टाकीत उतरायची वेळ आली तरी तेच. असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेल. त्याची आधी चेष्टा होते, मग त्याचा राग येतो.

मी न्हावऱ्याचा. नव्वद सालानंतर एका साखर कारखान्यात हंगामी होतो, कोणत्या ते सांगत नाही. हा गडी शिरूरकडचा, मिशन शाळेत शिकलेला. माझ्याहून लहान, मला आप्पा म्हणायचा. चहा ओतताना कप ओळीत मांडून, खाली वाकून पातळी बघायचा. एका लग्नात त्याच्या पानात चुकून तीन लाडू पडले, बाकी सगळ्यांना दोन. वाढप्याला पार मांडवाच्या टोकाला गाठून त्यानं लाडू परत दिला. मग महिनाभर आम्ही त्याला लाडूच म्हणत होतो. तर म्हणायचा, "म्हणायचं तर सगळ्यांनी म्हणा, एकट्यानं नको."

हंगाम संपला की मळीची टाकी धुवायची. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. टाकी रिकामी केली तरी तळाचा गाळ आंबायचा आणि त्याचा वास छातीत बसायचा. वरच्या तोंडातून एकानं कमरेला दोर बांधून शिडीनं उतरायचं, वर एकानं दोर धरायचा. जो आधी उतरून आला त्यानं पुढच्याचा दोर धरायचा, ही आमची रीत.

मुकादम माझ्या भावकीतला. माझी वेळ आली की दोनदा त्यानं मला पंपाकडं धाडलं. मला बरं वाटलं. टाकीची मला भीती वाटते हे मी कुणाला सांगणारा नव्हतो. तिसऱ्या खेपेला हा नुकताच वर आलेला, अंगभर मळी, आणि बोट वर. "नंबर कुणाचा?" सगळे खाली बघू लागले. मग तोच म्हणाला, "आप्पांचा हाय."

मी चिडलो. चार माणसांत म्हणालो, "तुझ्या बापाची टाकी हाय का?" दोर बांधून मी उतरलो आणि अर्ध्या शिडीवर ध्यानात आलं, दोर त्याच्याच हातात आहे.

वरून थोड्या थोड्या वेळानं त्याचा आवाज यायचा, "हाय का?" आपण खालून म्हणायचं, "हाय." तोंडाच्या गोल उजेडात त्याचं डोकं दिसत होतं. मग छाती भरली, फावडं गळून पडलं. वरून "हाय का?" आलं आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. डोळे उघडले तवा मी टाकीबाहेर आडवा पडलेलो. बाकीचे धावून येईपर्यंत त्यानं एकट्यानं मला तोलून धरलं होतं. त्याच्या तळहाताची साल दोराला चिकटली होती.

आठ दिवसांनी तो ऑफिसात गेला. मुकादम आपल्या माणसांना वगळतो आणि दुबळ्यांना पुन्हा पुन्हा उतरवतो, असं सांगून आला. साहेबांनी मला बोलावलं. मुकादम शेजारीच उभा होता. हे खरं का, साहेबांनी विचारलं. टाकीत वाटली नव्हती एवढी भीती मला ऑफिसातल्या पंख्याखाली वाटली.

"मला काय म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

बाहेर तो सायकलचं कुलूप काढत होता. रागावला नाही. हळूच म्हणाला, "बोलायचा नंबर तुमचा होता, आप्पा."

पुढच्या हंगामाला सगळ्यांना बोलावणं आलं, त्याला आलं नाही.

त्या साली टाकी धुवायला माझी वेळ आली. मुकादम म्हणाला, पंपाकडं जा. मी गेलो नाही. दोर बांधला आणि उतरलो. दोर धरणारा तंबाखू मळत कुणाशी तरी बोलत होता. तळाशी पोचून मी वर बघितलं. गोल उजेड होता, त्यात डोकं नव्हतं. कुणी काही विचारत नव्हतं. तरी मी खालून ओरडत राहिलो, "हाय... हाय."