हिरवी रेष, विटकरी रेष

नवऱ्याच्या बँकेने त्याची कोलकात्याला बदली केली आणि आम्ही डमडमला राहायला आलो. पुण्यातली माझी नोकरी सुटली. काही महिने घरात बसून काढल्यावर मला सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका सल्लागार कंपनीत काम मिळालं. काम काय, हे सासूबाईंना फोनवर सांगताना माझी तारांबळ उडायची.

"कंपनीतले लोक ग्राहकांसाठी प्रेझेंटेशन करतात ना, ती सगळी एकसारखी दिसतील असं मी बघते."

"आणि नाही दिसली तर?" त्यांनी विचारलं.

अक्षरं एकाच वळणाची, लोगो ठरलेल्या कोपऱ्यात, समास सारखे, रंग ठरलेले. वेगवेगळ्या गावांतल्या ऑफिसांतून स्लाइड यायच्या, पण ग्राहकाला त्या एकाच हातच्या वाटल्या पाहिजेत. एका स्लाइडवर लोगो जरा सरकला, तर बहुतेकांना कळतही नाही. मला मात्र तो दाताखाली खडा आल्यासारखा कळायचा.

मी रुजू झाले त्याच सुमारास कंपनीने आपलं रूप बदललं. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून नवीन टेम्प्लेट आलं आणि सोबत जाडजूड नियमावली. जुना निळा रंग गेला, त्याच्या जागी गडद हिरवा आणि विटकरी आले. आलेखात ग्राहकाची रेष हिरवी, त्याच्या स्पर्धकाची विटकरी. कुठला रंग कोणाचा ते खाली चौकटीत लिहायचं. बाकी काही खपवून घेतलं जाणार नाही. आमच्या ऑफिसातून बाहेर पडणारी प्रत्येक स्लाइड या नियमांत बसते की नाही, हे बघणं माझ्याकडे आलं. मी प्रोबेशनवर होते. परीक्षेला बसल्यासारखी मी ती नियमावली पाठ केली.

आमचे डायरेक्टर बंगाली, पन्नाशी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, तरी सगळे त्यांना दबकून असायचे. नवे रंग आल्यापासून त्यांच्याकडून माझ्या स्लाइड परत यायला लागल्या. शेरा एकच: 'कुठली रेष कोणाची?' मी बघायची, तर खाली चौकटीत सगळं स्वच्छ लिहिलेलं. मग अक्षरं मोठी केली. चौकट वर सरकवली. रेषा जाड केल्या. तरी तोच शेरा.

हा टोमणा आहे, असं मी धरून चालले. त्यांना माझं काम पसंत नाही आणि तोंडावर सांगायचं नाही, म्हणून हे चाललंय. संगणकावर मेल आल्याचा आवाज झाला की मी आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायची. घरी नवरा म्हणायचा, "अगं, एवढं काय त्यात? सरळ विचार ना त्यांना." त्याचं बरोबर होतं, पण त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन मी पाणी प्यायला वळायची. शेजारच्या टेबलावर बसणारी बंगाली मुलगी मला दीदी म्हणायची. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "दीदी, आधी ते असे नव्हते. निळ्या स्लाइडवर कधी एक अक्षर बोलले नाहीत."

मग एका मोठ्या इस्पितळाचं काम मिळायची संधी आली. त्यांच्या विश्वस्तांपुढे डायरेक्टर स्वतः बोलणार होते. आधी ऑफिसातच रंगीत तालीम ठेवली. मी मागे बसले होते. आलेखाची स्लाइड आली. डायरेक्टरांनी पडद्यावरच्या वर चढणाऱ्या हिरव्या रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "स्पर्धक असा पुढे चाललाय, आणि तुमचं इस्पितळ हे खाली."

सगळं उलटं होतं. आमच्यातला एक तरुण विश्लेषक पटकन हसला. "सर, ती तर इस्पितळाची रेष आहे! हिरवी!"

डायरेक्टर थांबले. पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या कानशिलाची शीर मला मागून दिसत होती. मग वळून म्हणाले, "ही स्लाइड कोणी तपासली?"

मी उभी राहिले. ते नुसती मान हलवून पुढच्या स्लाइडवर गेले. त्या दिवशी घरी जाताना उल्टाडांग्याच्या ऑटोत मी बॅग पोटाशी धरून बसले होते आणि नोकरी गेली तर घरी कोणत्या शब्दांत सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते.

दुसऱ्या दिवशी हातात कागद असावेत म्हणून सगळं प्रेझेंटेशन छापायला घेतलं. रंगीत प्रिंटर बंद होता. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरमधून तो आलेख बाहेर आला आणि मी तिथेच उभी राहिले. दोन्ही रेषा एकाच करड्या रंगाच्या. एकमेकींना छेदून गेल्यावर कुठली कुठे गेली, काही सांगता येत नव्हतं. कुठली रेष कोणाची?

माझ्या मामाला रेल्वेत ड्रायव्हर व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत त्याला परत पाठवलं होतं, कारण लाल आणि हिरवं त्याला वेगळं दिसत नसे. मामी त्याला टोमॅटो आणायला कधी पाठवायची नाही. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण ऑफिसात कसं कोण जाणे डोक्यात आलं नव्हतं. तो शेरा टोमणा नव्हता. तो खरा प्रश्न होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट काळजी वाढली. जी गोष्ट या माणसाने इतकी वर्षं कोणाला कळू दिली नाही, ती आता मला माहीत होती. आणि त्यांना इस्पितळाच्या विश्वस्तांपुढे त्याच स्लाइडसमोर उभं राहायचं होतं.

मी मुंबईला नियमांचं बघणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या मराठीच होत्या, एवढाच काय तो दिलासा.

"मॅडम, एक रेष तुटक करू का? आणि नावं चौकटीत न देता रेषेच्या टोकालाच लिहू का?"

"कशासाठी?"

"काळ्या-पांढऱ्यात छापलं की दोन्ही सारख्या दिसतात."

"अहो, मग रंगीत छापा ना. प्रत्येक ऑफिसने आपापल्या मनाने करायचं, तर हा एवढा खटाटोप केला कशाला आम्ही? पुढच्या वेळी नियम बदलताना बघू."

खरं कारण जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचा अधिकार मला नव्हता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

मग मी विटकरी रेष तुटक केली, दोन्ही रेषांच्या टोकाला नावं लिहिली आणि खालची चौकट काढून टाकली. ती फाइल कोणाला न दाखवता लॅपटॉपवर चढवली. तपासणारीनेच नियम मोडला होता, तोही नाही म्हटल्यावर.

इस्पितळात लॅपटॉप सांभाळायला मी सोबत गेले. ती स्लाइड आली तेव्हा डायरेक्टर बोलता बोलता थांबले. त्यांची नजर रेषेच्या टोकाला गेली, तिथून दुसऱ्या टोकाला. मग ते बोलायला लागले, आणि त्या आलेखावर त्यांना इतकं मोकळं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. काम आम्हाला मिळालं.

मिळालेल्या कामांची प्रेझेंटेशनं मुंबईला जात, त्यामुळे पुढच्याच आठवड्यात तिथून बाईंची मेल आली. नियम मोडलेल्या स्लाइडचा फोटो जोडून, साऱ्या ऑफिसांना दिसेल अशी. कोलकात्याने खुलासा करावा. थोड्याच वेळात डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी पाणी प्यायला वळायची सोय नव्हती.

"हे तुम्ही का केलंत?"

"सर, छापल्यावर दोन्ही रेषा सारख्या दिसत होत्या."

"फक्त छापल्यावर?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"बसा," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत, जणू हवापाण्याचं बोलावं तसं, म्हणाले, "माझे शर्ट सकाळी बायको काढून ठेवते. ती माहेरी गेली की मी रोज पांढरेच घालतो. ऑफिसात कोणालाच हे माहीत नाही. तुम्ही मुंबईला सांगितलंत?"

"नाही सर."

"नोकरी गेली असती तर?"

"त्याचीच भीती वाटत होती," मी म्हणाले. ते पहिल्यांदाच हसले. मोठं नाही, ओठांच्या कडेला.

खुलासा त्यांनी स्वतः लिहिला, आणि तोही सगळ्यांना दिसेल असा. 'रेष माझ्यासाठी तुटक केली आहे; हिरवा आणि विटकरी मला वेगळे दिसत नाहीत; आपल्या ग्राहकांतही माझ्यासारखे असतील; तेव्हा नियम बदलावा.' एवढंच. तालमीत हसलेला विश्लेषक तो वाचून केबिनमध्ये जाऊन आला. आत काय बोलणं झालं कोणी विचारलं नाही.

मुंबईच्या बाईंचा फोन आला. "अहो, मला सांगायचं ना!"

"ते मी कसं सांगणार, मॅडम?"

मग त्या म्हणाल्या, "नवीन टेम्प्लेट करायचंय. तुम्हीच मदत करा."

मी नोकरीत कायम झाले. धास्ती काही गेली नाही. उलट आता सगळ्या ऑफिसांचे आलेख माझ्याकडे यायला लागले, आणि त्यातला एखादा चुकून तसाच सुटेल या विचाराने माझं जेवणात लक्ष नसायचं.

असाच एक सुटला. दुसऱ्या गावाहून आलेला जिल्ह्यांचा नकाशा, हिरव्या आणि तपकिरी ठिपक्यांनी भरलेला, थेट बैठकीत पडद्यावर आला. डायरेक्टर त्याच्याकडे बघत म्हणाले, "हा नकाशा मला वाचता येत नाही. कोणीतरी वाचून दाखवा."

खोलीत जरा चुळबुळ झाली. मग तो तरुण विश्लेषक उठला, पडद्याजवळ गेला आणि एकेका जिल्ह्यावर बोट ठेवून सांगायला लागला. डायरेक्टर ऐकत होते, मधेच शंका विचारत होते. मी लॅपटॉप उघडला आणि तपकिरी ठिपक्यांच्या जागी चौकोन घालायला घेतले.